चौकशीपासून कुरियरपर्यंत: घरून कलेचा ऑनलाइन व्यवसाय चालवताना लागणारी डिजिटल साधनं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली होती आणि फोंड्याजवळच्या आमच्या घरात जेवणाच्या मेजावर, खुर्च्यांच्या पाठींवर, बल्कावातल्या (दारापुढच्या ओसरीतल्या) दोरीवर कापडी पिशव्या वाळत होत्या. मी कावीच्या नक्षीच्या पिशव्या, वह्या आणि टाइल्स करते. पांढरा चुना आणि तांबडी काव यांत खरवडून काढलेली ही नक्षी गोव्यातल्या आणि कोकणपट्टीतल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर आहे. मी ती कापडावर, कागदावर, टाइलवर आणते. त्या आठवड्यात माझ्या ऑर्डरी चार ठिकाणी पडून होत्या: घरच्याच व्हॉट्सॲपवर शुभप्रभातच्या फुलांखाली, इन्स्टाग्रामच्या मेसेजांत, मावसबहिणीच्या फोनवर आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. या गोंधळात कमळाची शेवटची टाइल मी दोघींना कबूल करून बसले. एक पणजीच्या, दुसऱ्या सावंतवाडीच्या. सावंतवाडीच्या बाईंना ती देव्हाऱ्यामागे लावायची होती. फोनवर त्या रागावल्या नाहीत, फक्त 'बरं' म्हणाल्या. सणाच्या तोंडावर दिलेला शब्द मोडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी ॲपं गोळा करत सुटले. पंधरा दिवसांत फोनमध्ये अकरा नवी ॲपं आली, आणि ऑर्डरी आता चारऐवजी सात ठिकाणी विखुरल्या. तेव्हा कळलं की साधन निवडायच्या आधी दुसरंच एक काम करायला हवं होतं. ते काम आणि मग एकेक साधन, ज्या क्रमाने मला उपयोगी पडलं त्याच क्रमाने पुढे लिहिते आहे. तुम्ही मेणबत्त्या करत असाल, क्रोशाचं विणकाम करत असाल, नारळाच्या करवंटीच्या वस्तू घडवत असाल किंवा लग्नपत्रिकांची चित्रं काढत असाल, क्रम फारसा बदलणार नाही.

आधी कागद

एक कोरा कागद घ्या आणि तुमची शेवटची पूर्ण झालेली ऑर्डर आठवा. गिऱ्हाइकाने चौकशी कुठे केली, तुम्ही किंमत कधी सांगितली, पैसे कसे आले, वस्तू कधी तयार झाली, पत्ता कुठून उतरवून घेतला, पार्सल कोणी नेलं, पोचल्याचं कसं कळलं, हे सगळं बाणांनी जोडत लिहा. जिथे तुम्हाला थांबून शोधावं लागलं, दोनदा विचारावं लागलं किंवा विसरायला झालं, तिथे लाल खूण करा. साधन फक्त लाल खुणेवर आणायचं. माझ्या कागदावर तीन खुणा होत्या: ऑर्डर लिहून ठेवण्याची एकच जागा नाही, तेच ते उत्तर रोज तीस वेळा टाइप करणं, आणि पत्त्याचे घोळ. जाहिरात, वेबसाइट, व्हिडिओ एडिटिंग यांतली एकही खूण नव्हती, आणि मी नेमक्या त्याच ॲपांवर वेळ घालवत होते.

ऑर्डरवही: गूगल शीट्स

सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला. महागडं सॉफ्टवेअर नको, गूगल शीट्स पुरतं. एक फाइल उघडा आणि पहिल्या ओळीत हे रकाने करा: ऑर्डर क्रमांक, तारीख, नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, वस्तू, खास सूचना, एकूण रक्कम, आगाऊ, बाकी, कधी हवं, स्थिती, ट्रॅकिंग क्रमांक. पहिली ओळ 'फ्रीझ' करा म्हणजे खाली सरकलं तरी रकान्यांची नावं दिसत राहतात. 'बाकी'च्या रकान्यात एकूणमधून आगाऊ वजा करणारं सूत्र घाला.

'स्थिती'च्या रकान्यात हाताने लिहू नका, ड्रॉपडाउन, म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवडायची यादी, करा. माझ्याकडे सहाच पर्याय आहेत: चौकशी, आगाऊ आलं, कामात, तयार, पाठवलं, पोचलं. हाताने लिहिलं की एकदा 'पाठवले', एकदा 'पाठवलं', एकदा 'गेलं' असं होतं आणि मग फिल्टर लावून काही सापडत नाही. ड्रॉपडाउनला रंगही देता येतात. सकाळी चहा घेताना शीट उघडली की कुठला रंग किती आहे त्यावरून दिवस कसा जाणार ते कळतं.

ऑर्डर क्रमांक ही गोष्ट सुरुवातीला मला उगाचची वाटली होती. आता तो क्रमांक पिशवीला पिन केलेल्या चिठ्ठीवर असतो, व्हॉट्सॲपच्या संभाषणात असतो, पाकिटाच्या मागे असतो आणि बिलावरही असतो. चवथीच्या गर्दीत एकाच आडनावाच्या तीन नाईकबाई असतात. क्रमांक मात्र एकीचाच असतो.

दुसऱ्या पानावर साठा लिहा: वस्तू, किती आहेत, किती कबूल झाल्या, किती उरल्या. कबूल केल्याबरोबर आकडा बदलायचा, पैसे आल्यावर नव्हे. कमळाच्या टाइलचा प्रसंग या एका रकान्याने पुन्हा घडू दिला नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून फोनवरच्या शीट्स ॲपमध्ये ही फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवा. नेट नसताना केलेली नोंद नेट आल्यावर आपोआप वर चढते.

किंमत ठरवायचं तिसरं पान

कलाकार माणसं इथे स्वतःवर फार अन्याय करतात. माझ्या एका पिशवीचा हिशोब सांगते: कापड आणि शिवणकाम १४० रुपये, रंग ३०, वेष्टन आणि कार्ड ३५, रंगवायला लागलेले दोन तास. तासाचे शंभर धरले तरी २००. झाले ४०५. पहिलं वर्षभर मी ती पिशवी ३५० ला विकत होते आणि खूप विक्री होते म्हणून आनंदात होते. तासांचा रकाना शीटमध्ये घातला त्या दिवशी डोळे उघडले. आज तीच पिशवी ६५० ला जाते. फोनच्या स्टॉपवॉचवर पाच नगांचा वेळ मोजा, सरासरी काढा आणि तो आकडा शीटमध्ये घाला. अंदाजाने वेळ लिहू नका, आपण नेहमी कमीच धरतो.

व्हॉट्सॲप बिझनेस आणि सिमकार्ड

घरचा नंबर घरालाच राहू द्या. व्यवसायासाठी दुसरं सिम घ्या आणि ते स्वतःच्या नावावर घ्या. नवऱ्याच्या, भावाच्या, जुन्या नोकरीतल्या कंपनीच्या नावावरचं सिम वापरू नका. पुढे तो नंबर म्हणजेच तुमचं दुकान होणार आहे आणि दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या नावावर नसावी. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात २०१८ साली आलं आणि मोफत आहे. टाकल्याबरोबर सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा आकडी पिन वहीत लिहा, फोनमध्ये नको.

या ॲपच्या तीन गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत.

पहिली, क्विक रिप्लाय. पन्नासपर्यंत तयार उत्तरं साठवता येतात आणि तिरकी रेघ टाइप करून पुढे छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर येतो. गोव्यात गिऱ्हाईक चार भाषांत बोलतं, म्हणून माझी प्रत्येक उत्तराची मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी अशी चार रूपं आहेत. 'दर' या शब्दामागे माझ्याकडे हे आहे: 'नमस्कार! चौकशी केलीत, बरं वाटलं. ही पिशवी ६५० रुपये, कुरियर वेगळं. हाताने रंगवायची असल्याने तयार व्हायला सात दिवस लागतात. तुम्हाला कधीपर्यंत हवी आहे?' शेवटी प्रश्न हवाच. नुसता दर सांगून थांबलं की संभाषण तिथेच संपतं. प्रश्न विचारला की समोरची व्यक्ती तारखेचा विचार करायला लागते.

दुसरी, लेबल, म्हणजे प्रत्येक संभाषणाला लावायची खूणचिठ्ठी. शीटमधल्या सहा स्थितींचीच सहा लेबलं इथे करा, शब्दही तेच ठेवा.

तिसरी, कॅटलॉग. पाचशेपर्यंत वस्तू मावतात, पण वीस पुरेत. प्रत्येक वस्तूला माप सेंटिमीटरमध्ये द्या. 'मध्यम आकार' म्हणजे किती, हे विचारणारे निम्मे मेसेज त्याने कमी होतात.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. एका यादीत २५६ जणांपर्यंत नावं घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून मी पार्सलमधल्या आभारकार्डावर क्यूआर कोड छापते आणि त्याखाली लिहिते, 'नवी नक्षी आधी बघायची असेल तर हा नंबर सेव्ह करून ठेवा.' आणि ज्यांनी संमती दिली त्यांनाच यादीत घेते. लोकांचे नंबर आणि पत्ते हा त्यांचा आपल्यावरचा विश्वास आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

फोटो: पांढरं पांढरं दिसलं पाहिजे

माझ्या कामात दोनच रंग आहेत, त्यामुळे फोटोत चूक लपत नाही. ट्यूबलाइटखाली काढला की चुन्याचा पांढरा निळसर होतो, पिवळ्या बल्बखाली कावेचा तांबडा विटेसारखा दिसतो. एका गिऱ्हाईक बाईंनी पिशवी परत केली होती, कारण फोटोतला रंग आणि हातातला रंग वेगळा. त्यांचं बरोबर होतं.

मग मी हे बसवलं. फोटो सकाळी आठ ते दहा या वेळात बल्कावात, सावलीत. थेट उन्हात कधीच नाही. घरातले दिवे बंद, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला की रंग कुठलंही ॲप सुधारू शकत नाही. वस्तूशेजारी एक साधा पांढरा कागद ठेवायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करायचा म्हणजे टाइलच्या कडा तिरक्या येत नाहीत. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून ठेवलं की बऱ्याच फोनांत फोकस आणि उजेड तिथेच थांबतो. नंतर स्नॅपसीड या गूगलच्या मोफत ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स उघडून त्यातल्या ड्रॉपरने त्या पांढऱ्या कागदावर बोट ठेवायचं. कागद खरा पांढरा झाला की चुनाही होतो आणि काव कावेसारखी दिसते. शेवटी कागद क्रॉप करून टाकायचा.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून फोन बाहेर आणला की लेन्सवर बाष्प धरतं. पाच मिनिटं थांबा, मऊ सुती कापडाने पुसा, मगच काढा. प्रत्येक वस्तूचे चार फोटो: समोरून, जवळून पोत दिसेल असा, हातात धरून, आणि वापरात असलेला. हातात धरलेल्या फोटोने आकार कळतो आणि तोच सगळ्यांत जास्त चौकशी आणतो, हा माझा अनुभव आहे.

हाताने केलेल्या वस्तूचा फोटो एआयकडून बनवून घेऊ नका. आपल्याकडून घेणारी माणसं हातासाठी पैसे देतात. ब्रशची रेघ जिथे किंचित थरथरली आहे ती फोटोत दिसली पाहिजे. वर्णनाचा कच्चा मजकूर, मेसेजचं भाषांतर, महिन्याभराच्या पोस्टच्या कल्पना यांसाठी मी चॅटजीपीटी वापरते. मात्र त्याची मराठी मोठ्याने वाचून दुरुस्त केल्याशिवाय एक ओळही बाहेर जात नाही.

कॅनव्हा आणि मराठी अक्षर

पोस्ट, आभारकार्ड, किमतीची चिठ्ठी, यासाठी कॅनव्हाची मोफत आवृत्ती पुरते. पहिल्याच दिवशी दोन रंग आणि दोन अक्षरवळणं ठरवा आणि वर्षभर बदलू नका. रंगाचा सहा अक्षरांचा कोड वहीत लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी 'साधारण तसाच' तांबडा निवडायची वेळ येत नाही.

फॉन्ट निवडताना मला कळकळीने एक सांगायचं आहे. मराठीतला 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीतल्याहून वेगळं आहे. आपला 'ल' दोन पाकळ्यांसारखा असतो, 'श'ला वर गाठ असते. देवनागरीचे बहुतेक फॉन्ट हिंदी वळण देतात आणि मग 'शाल' हा शब्दही परका दिसतो. 'टिरो देवनागरी मराठी' हा गूगल फॉन्ट्सवरचा मोफत फॉन्ट मराठी वळणांसाठीच केलेला आहे. जाड, ठसठशीत शीर्षकांसाठी 'बालू' आणि वाचायच्या मजकुरासाठी 'मुक्ता' हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्टही मोफत आहेत. कुठलाही फॉन्ट घेताना 'ॲ', 'र्‍या' आणि 'ळ' टाइप करून बघा: 'ॲप', 'दर्‍या', 'माटोळी'. तिन्ही नीट आले तर तो आपला.

छापखान्यात देताना पीडीएफ प्रिंट हा प्रकार निवडा, 'फ्लॅटन'वर टिचकी मारा आणि चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीची जागा ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालतं. मजकूर नुसता कॉपी करून दिला की जोडाक्षरं फुटतात. माझी दोनशे कार्डं 'हस्तकला'चे तुकडे होऊन छापून आली होती. तेव्हापासून पीडीएफ दिली तरी आधी एक प्रत काढून डोळ्यांनी बघते, मग बाकीची.

पोस्ट टाकायचं वेळापत्रक लावायला मेटा बिझनेस सूट मोफत आहे. रविवारी दुपारी आठवड्याच्या तीन पोस्ट लावून टाकते, त्याहून जास्त वेळ मी तिथे देत नाही.

पैसे

व्यवसायासाठी वेगळं बचत किंवा चालू खातं उघडा आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. घरखर्च आणि कलेचे पैसे एकत्र राहिले की नफा कधीच दिसत नाही.

स्क्रीनशॉटवर पार्सल पाठवू नका. मी एकदा पाठवलं आहे. संध्याकाळची घाई होती, समोरून 'पेमेंट केलं' म्हणत चित्र आलं, मी १,८०० रुपयांच्या टाइल्स कुरियरला दिल्या. रात्री खातं बघितलं तर काही जमा नव्हतं आणि तो नंबर बंद झाला होता. आता खात्यात रक्कम दिसल्यावरच शीटमधली स्थिती बदलते. दुसरी सावधगिरी: पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला जातो तो पैसे जाताना. 'मी पाठवते आहे, तुम्ही फक्त पिन टाका' असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्या.

कार्डाने किंवा नेटबँकिंगने पैसे देणारी गिऱ्हाइकं असतील तर रेझरपेसारख्या सेवांची पेमेंट लिंक पाठवता येते, वेबसाइट असायलाच हवी असं नाही. शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरा. १,८०० रुपयांवर ते ४२ रुपये ४८ पैसे होतात. हा खर्च किंमत ठरवायच्या पानावर आधीच धरलेला बरा.

आगाऊ रक्कम निम्मी घ्या. खास नाव घालून करायची वस्तू असेल तर पूर्ण घ्या. नाव घातलेली वही दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, आणि हे गोड शब्दांत सांगितलं तर लोकांना पटतं.

पत्ता, पिनकोड, पार्सल

आपल्या गोव्याच्या पत्त्यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. आपण 'कुडचडे' म्हणतो, कुरियरच्या यादीत ते 'कर्चोरेम' असतं. 'साखळी'चं 'सँक्वेलिम', 'डिचोली'चं 'बिचोलिम', 'काणकोण'चं 'कॅनाकोना'. पोर्तुगीज काळातली ही लेखनं इंग्रजीत तशीच राहिली आणि कुरियरच्या यंत्रणेला तीच कळतात. त्यात घराला नंबर नसतो, पत्ता असतो 'देवळामागे, वडाजवळ'. म्हणून माझ्या शीटच्या चौथ्या पानावर चाळीस गावांची यादी आहे: डावीकडे आपलं नाव, उजवीकडे यादीतलं इंग्रजी लेखन, शेवटी पिनकोड. ही यादी करायला एक दुपार गेली आणि परत येणारी पार्सलं जवळजवळ थांबली.

पिनकोडवर सगळं उभं आहे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. गोव्याचा प्रत्येक पिनकोड ४०३ ने सुरू होतो. पणजी ४०३००१, फोंडा ४०३४०१, म्हापसा ४०३५०७, मडगाव ४०३६०१. गिऱ्हाइकाने गोव्याचा म्हणून ४१६ ने सुरू होणारा आकडा दिला तर थांबून विचारा, ते सीमेपलीकडचं सिंधुदुर्ग असू शकतं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात कविता करणारे मराठी गृहस्थ होते. पाकिटावर सहा आकडे लिहिताना मला त्यांची आठवण येते.

वजन करायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पण बहुतेक कुरियर खऱ्या वजनाबरोबर आकाराचं वजनही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५,००० ने भागा. ४० गुणिले ३० गुणिले २० च्या खोक्याचं वजन ४.८ किलो धरलं जातं, आत एक किलोची पिशवी असली तरी. यातून दोन गोष्टी निघतात: मोठं खोकं रिकामं वापरू नका, आणि कापडाला खोकं नकोच, जाड पाकीट द्या. शिपरॉकेटसारख्या सेवा एकाच पत्त्यासाठी वेगवेगळ्या कुरियरचे दर शेजारी दाखवतात. लहान गावांसाठी मला मात्र स्पीड पोस्टच भरवशाचं वाटतं, पोस्टमन माणसाला ओळखतो. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे जुन्या सवयीने खिडकीवर ते मागू नका.

टाइल पाठवताना पार्सल बंद करतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी त्यात दिसू द्या. फुटल्याची तक्रार आली तर कोणावर दोष न टाकता नेमकं काय झालं ते शोधता येतं. पावसाळ्यात कागदी वस्तूंना आतून प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी हवीच.

वेबसाइट कधी

पहिल्या वर्षी नको, असं माझं ठाम मत आहे. महिन्याला तीसएक ऑर्डरी यायला लागल्या आणि तोच तो प्रश्न विचारणारे वाढले की मग घ्या. पण डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आजच घेऊन ठेवा आणि स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घ्या. माझं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याने त्याच्या खात्यातून घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याने तो धंदा सोडला, नूतनीकरण झालं नाही, आणि छापलेल्या सातशे कार्डांवरचा पत्ता उघडेनासा झाला. नवं नाव घ्यावं लागलं.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, कुठलंही ऑनलाइन दुकान, या सगळ्या भाड्याच्या जागा आहेत. तुमच्या मालकीच्या गोष्टी तीनच: डोमेन, मूळ फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी. या तिन्हींची दुसरी प्रत हवी. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप सगळं मोजलं जातं, ती बघता बघता भरते. दर महिन्याच्या एक तारखेला मी फोटो आणि शीट्स हार्ड डिस्कवर उतरवते. हार्ड डिस्क हवाबंद डब्यात, तांदळाच्या डब्यात नव्हे, सिलिका जेलबरोबर ठेवते.

नोंदणी आणि कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारी पानं खाजगी असतात, बंद करा.

जीएसटी: गोव्यात फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख आहे, सेवांसाठी २० लाख. मात्र वस्तू राज्याबाहेर विकल्या की नियम बदलतो आणि उलाढाल कमी असली तरी साधारणपणे नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना काही अटींवर यातून सूट आहे. सावंतवाडी आपल्याला शेजार वाटतं, पण कायद्याने ते दुसरं राज्य आहे. तुमची वस्तू त्या यादीत येते का, हे सनदी लेखापालाकडून एकदा लिहून घ्या. परदेशात वस्तू पाठवायची तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो आणि मग टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सल पाठवता येतं. खाण्याचं काही विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी.

बिलाचा साचा गूगल डॉक्समध्ये करून ठेवा, दर वेळी पीडीएफ करून ऑर्डर क्रमांकाच्या नावाने ड्राइव्हवर जपा. मार्चअखेरीला हे एकच फोल्डर लेखापालाला पाठवायचं असतं.

दुसऱ्याच्या हाती देता येईल असं

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आईला पाच दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. माझ्याकडे सात ऑर्डरी 'तयार' होत्या. मी शीट वहिनीच्या ईमेलला जोडून दिली, व्यवसायाचा फोन तिच्याकडे दिला आणि पासवर्डांची वही कुठे आहे ते सांगितलं. वहिनीने आधी कधी एक पार्सलही पाठवलं नव्हतं. तिने 'तयार'चा फिल्टर लावला, चिठ्ठीवरचे क्रमांक जुळवले, क्विक रिप्लायमधून 'आज पाठवलं' निवडलं आणि ट्रॅकिंग क्रमांक भरले. सातातल्या एकाच पार्सलसाठी तिने मला फोन केला: पत्त्यात 'वेर्णे' होतं आणि ते गावांच्या यादीत नव्हतं. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिला इंग्रजी लेखन सांगितलं, आणि तिने ते यादीत एकेचाळिसावं म्हणून लिहून ठेवलं.